मठांच्या नकाशाची सहावी प्रत

१

गंगाखेडला गोदेच्या घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर काशीनाथचं फ्रेमचं दुकान होतं. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, शाळेतल्या सत्काराची मानपत्रं असं सगळंच तो काचेत घालून द्यायचा. पण दुकान चालायचं ते मेलेल्या माणसांवर. दहाव्याला लांबलांबून लोक घाटावर यायचे. परतताना कुणीतरी, नुकतंच मुंडण केलेलं डोकं रुमालाने झाकत, दुकानाची पायरी चढायचा आणि खिशातून फोटो काढायचा. तेराव्याला भिंतीवर हार घालायचा तर फ्रेम लागायची.

त्या दिवशी सकाळी पालमहून किशनराव आले होते. त्यांच्या आईचा, दगडाबाईंचा, घरभर शोधून एकच फोटो सापडला होता. तोही पुतणीच्या लग्नातला, मागच्या रांगेतला. स्टुडिओवाल्याने आजूबाजूची माणसं पुसून म्हातारीला एकटीला मोठं करून दिलं होतं. तिच्या खांद्यावर मात्र कुणाचातरी हात राहून गेला होता.

"ह्यो हात कुणाचा हाय तेच उमजंना," किशनराव म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या की. आधार हाय म्हातारीला."

"तिनं जन्मात कुणाचा आधार घेतला न्हाई. मी आजा झालो तरी काठी घेऊन माझ्या मागं लागायची." किशनराव हसले.

काशीनाथने पट्टी कापली, चौकट ठोकली, काच पुसून आत फोटो घातला, मागून पुठ्ठा लावून चुका, म्हणजे बारीक खिळे, मारल्या. शेवटी सवयीप्रमाणे बोटाच्या पेराने काचेवर दोनदा टकटक केलं. काच सैल बसली तर ती खुळखुळते. नीट बसली तर नुसता कोरडा, घट्ट आवाज येतो. आवाज घट्ट आला.

आसपासच्या गावांतली कितीतरी माणसं अशी त्याच्या हातून काचेत गेली होती. एकच फोटो त्याने अजून फ्रेम केला नव्हता. तो त्याच्याच घरी होता, कपाटात, बायकोच्या साड्यांच्या घडीखाली.

२

तो फोटो मुकुलचा होता. काशीनाथ आणि कावेरीचा एकुलता एक मुलगा. तीन वर्षांपूर्वी, पौषातच, परभणीला जाऊन येतो म्हणून डाव्या खांद्यावर बॅग अडकवून तो घरातून निघाला. लहानपणापासून बॅग त्याच खांद्यावर, त्यामुळे चालताना डावीकडून थोडा झुकलेला. गर्दीत नुसती पाठ दिसली तरी कावेरी त्याला ओळखायची.

एसटीच्या कंडक्टरला तो आठवत होता. पोरगा मधल्याच एका फाट्यावर उतरला, म्हणाला होता तो, आणि डांबरी सोडून शेतातल्या वाटेने चालू लागला. घरी भांडण झालेलं नव्हतं. नापास झालेला नव्हता, कुणाचं देणं नव्हतं, कुणा मुलीचं नाव कधी निघालं नव्हतं. पोलिसांत तक्रार झाली, फाट्याजवळच्या विहिरी बघून झाल्या, शेतांतल्या गवती कोप्या बघून झाल्या. वाट पुढे दोन मैलांवर एका पडीक रानात संपत होती. तिथे कुणालाच काही सापडलं नाही.

दुसऱ्या वर्षी नातेवाईक बोलू लागले. काहीतरी करून टाका, म्हणजे जीव मोकळा होईल. तुमच्या तर घरचंच दुकान आहे.

कावेरीने त्यांना चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, "तो चालायलाय कुठंतरी. चालणाऱ्याला काचेत घालत न्हाईत."

त्यानंतर हा विषय घरात कुणी काढला नाही. काशीनाथनेही नाही. पण दुकानात एका कोपऱ्यात त्याने शिसवीच्या पट्टीचा एक तुकडा बाजूला काढून ठेवला होता. कुणी मागितला तर तो द्यायचा नाही. कशासाठी ठेवलाय, हे तो स्वतःलाही विचारायचा नाही.

३

त्या पौषात विवेक आला. काशीनाथच्या बहिणीचा मुलगा. परभणीत हॉटेलं, दवाखाने आतून सजवून देण्याचं काम करायचा. बगलेत मोठी गुंडाळी होती. हैदराबादच्या एका जुन्या पुस्तकवाल्याकडून आणलेली.

"मामा, जपून. लय जुनं हाय."

काशीनाथने गुंडाळी टेबलावर उलगडली. एकाच नकाशाच्या सहा प्रती होत्या. कधीतरी पुस्तकात बांधायला म्हणून छापलेल्या आणि बांधायच्याच राहून गेलेल्या. कागद जाड, कापडासारखा. चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. पत्र्याच्या दाबाची चौकट बोटाला लागत होती. डोंगर वारुळांसारखे, नद्या केसांसारख्या. मध्येमध्ये हरभऱ्याएवढ्या इमारती, प्रत्येकीला एक दार, एक खिडकी, वर क्रूस. एका इमारतीपासून दुसरीपर्यंत ठिपक्यांच्या वाटा. कोपऱ्यात दोन अनवाणी साधू, डोक्यावर टोपडी, हातात अंतर मोजायची पट्टी धरून उभे. नावं सगळी लॅटिनमधली. बाकी कागद कोरा.

"हा कुठला मुलूख?"

"तिकडं युरोपातला कुठलातरी. पण राजाचा न्हाई मामा, मठांचा मुलूख. ख्रिस्ती साधूंचा एक पंथ होता, त्यांचे मठ कुठंकुठं हायत तेवढंच दाखवलंय. पायी फिरायचे ते. सकाळी एका मठातून निघायचं, दिवस मावळायला दुसऱ्यात पोचायचं."

"आणि बाकीची माणसं? गावं?"

"असतील की. ह्यांच्या नकाशात न्हाईत."

शेजारच्या टपरीवरचा बजरंग चहा घेऊन आला होता. तो वाकून बघत म्हणाला, "म्हंजे आपलं गंगाखेड ह्याच्यात काढलं असतं तर?"

"कोरा कागद," विवेक म्हणाला.

"बरं झालं असतं मग. माझ्या बायकोला मी सापडलोच नसतो."

बोलून गेल्यावर बजरंगच्या लक्षात आलं आपण कुणासमोर बोललो ते. त्याने जीभ चावली, कप ठेवले आणि हिशेब न सांगताच निघून गेला.

विवेकला परभणीतल्या एका नव्या हॉटेलात, वरच्या मजल्यावरच्या लांब बोळात, हे सहाही नकाशे ओळीने लावायचे होते. डाग काढून, वाळवीची भोकं बुजवून.

"आणि भोवती पुठ्ठ्याचं माउंट नको मामा. कडेपर्यंत कागद, वर थेट काच."

"कागदाला काच टेकती मग. मधी हवा ऱ्हायला पाहिजे."

"मयताच्या फोटोला कुठं ठेवता तुमी हवा?"

 तसंच करत आला होता तो.

४

दुपारी गिऱ्हाईक कमी असायचं तेव्हा तो नकाशे घ्यायचा. पत्र्याच्या उथळ ट्रेमध्ये स्वच्छ पाणी, त्यावर कागद अलगद सोडायचा. थोड्या वेळाने पाणी चहासारखं पिवळं व्हायचं. ते बदलायचं. मग टीपकागदांमध्ये दाबून, वर फळी, फळीवर विटा. भोकांना मागून खळीने पातळ कागद. बाहेरून उसाच्या ट्रॉल्या जात राहायच्या आणि कारखान्याच्या मळीचा गोडसर आंबूस वास दुकानात भरून राहायचा.

पहिली प्रत वाळल्यावर त्याने भिंग लावून शाई कुठे उडाली का ते बघितलं. खालच्या नदीजवळ, ठिपक्यांच्या वाटेवर, एक माणूस होता.

तांदळाच्या कणीएवढा. आठ-दहा रेघांत काढलेला, पाठमोरा. त्याला तो आधी डाग वाटला. मग वाटलं, असेल कुणी साधू. पण कोपऱ्यातल्या साधूंना पायघोळ झगे होते, टोपडी होती. ह्याचं डोकं उघडं होतं आणि दोन पाय वेगवेगळे दिसत होते. डाव्या खांद्यावर काहीतरी अडकवलेलं होतं. तो खांदा खाली होता.

काशीनाथने भिंग ठेवलं आणि बाहेर जाऊन चूळ भरली. खांद्यावर ओझं असलं की माणूस झुकतोच. कोरणारा चांगला होता, त्याने ते टिपलं, एवढंच.

दुसरी प्रत धुवायच्या आधी त्याने त्यावर भिंग फिरवलं. खालच्या नदीजवळची वाट रिकामी होती. बरं वाटलं त्याला. मग सवयीने वाट पुढे बघत गेला, तर पहिला डोंगर ओलांडून, दुसऱ्या मठाच्या अलीकडे, तो होता. तसाच पाठमोरा.

त्याने दोन्ही प्रती एकमेकींवर ठेवून दाराच्या काचेला लावल्या. मागून पौषाचं ऊन आलं. डोंगर डोंगरावर बसले, नदी नदीवर, एकेक अक्षर अक्षरावर, साधूंच्या हातातली पट्टीसुद्धा. एका पत्र्यावरून निघालेले दोन कागद जसे असायला हवेत तसेच. फक्त माणसं दोन होती, एकामागे एक.

त्याने विवेकला फोन लावला.

"पत्र्यात नंतर बदल करतात मामा," विवेक म्हणाला. "जुनं घासायचं, नवं कोरायचं. लय कॉमन हाय ते."

काशीनाथला पटलं. पटल्यावर त्याने पुन्हा भिंग घेतलं आणि दुसऱ्या प्रतीत नदीजवळची जागा बघितली. घासलं असेल तर कुठेतरी ओरखडा राहणार, एखादा ठिपका पुसट होणार. तिथले ठिपके एकसारखे होते, टोचल्यासारखे, अखंड. तिथे कधीच कुणी नव्हतं.

५

तिसऱ्या प्रतीत तो दुसरा मठ टाकून पुढे गेला होता. चौथीत तो वाटेच्या फाट्यापाशी मोठी वाट सोडून बारकीला लागला होता. पाचवीत बारकी वाट संपली होती. शेवटच्या मठाला नाव नव्हतं, त्याच्या दाराच्या जागी काळी रेघ होती, आणि हा तिथे न थांबता पलीकडे, जिथे काहीच छापलेलं नव्हतं तिथे, उतरला होता. कोऱ्या कागदावर एकटा.

काशीनाथ स्वतःशी सरळ हिशेब मांडायचा. हे कागद छापले तेव्हा माझा खापरपणजाही जन्मला नसेल. मुलगा गेला तीन वर्षांमागे. ह्या दोन गोष्टींचा संबंध लावणारा माणूस एकतर खुळा असतो, नाहीतर बाप. हे त्याने बजरंगला सांगितलं असतं तर तो दोन कप चहा जास्त पाजून गेला असता. म्हणून त्याने कुणालाच सांगितलं नाही.

पण पाचवी प्रत त्याने संध्याकाळी घरी नेली. कावेरी भाकरी थापत होती. हात धुऊन तिने भिंग घेतलं, दिव्याखाली वाकली.  तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी हलली नाही.

"काय दिसायलंय?" त्याने विचारलं.

"खांदा बघा ना," ती म्हणाली.

त्याने तिला बाकीच्या प्रतींचं सांगितलं. तो म्हणाला, कोरणाऱ्यांनी बदल केले असतील. कावेरीने मान डोलावली, पण ती ऐकत नव्हती. तिने विचारलं, "सहावा?"

सहावी प्रत सगळ्यात खराब होती. खालचा अर्धा कागद तपकिरी झालेला. धुतल्याशिवाय काही दिसलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून तो घरी आला की ती दारातच विचारायची, "कुठवर आला?" जसा मुलगा गाडीत बसलाय आणि फोन करून सांगतोय, जिंतूर गेलं, परभणी आली. तीन वर्षांत तिने मुकुलची खोली झाडली होती, पण गादी घातली नव्हती. त्या आठवड्यात तिने उशीचे अभ्रे धुऊन वाळत घातलेले काशीनाथने बघितले.  तिला पुन्हा पोटभर जेवताना बघून त्याला बरं वाटत होतं आणि भीतीही वाटत होती.

६

सहावी प्रत धुताना पाणी कितीदा बदललं, त्याने मोजलं नाही. तपकिरी उतरत गेलं, तसे एकेक डोंगर वर आले. कावेरी दुकानात येऊन स्टुलावर बसली होती. कागद ओला असतानाच त्याने भिंग लावलं.

वाट रिकामी होती. मठांच्या दारांत कुणी नव्हतं. पलीकडच्या कोऱ्या जागेत, पाचवीत जिथे तो होता तिथे, काही नव्हतं. कावेरीने काशीनाथच्या हातातून भिंग काढून घेतलं.

"इथं," ती म्हणाली.

कोऱ्या जागेच्या मधोमध. कणीएवढा नव्हता आता. मुगाच्या डाळीएवढा होता. बॅग उजवीकडे दिसत होती, कारण तो वळला होता. पहिल्यांदाच त्याचं तोंड इकडे होतं. तोंड म्हणजे काय, एक बारीक टिंब आणि त्याखाली उघडी जागा. पण ते समोर बघत होतं. नकाशात कुठे जायचं असलेला माणूस असा उभा राहत नाही. एक पाय पुढे होता, कागदातून बाहेर टाकल्यासारखा.

"परत फिरला," कावेरी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "घरी यायलाय."

काशीनाथने कागद टीपकागदात घातला. वर फळी ठेवली. विटा ठेवायला गेला तर तिने त्याचा हात धरला.

"एवढं वजन कशाला?"

"वाकडा वाळंल नाहीतर."

तिने एकच वीट ठेवू दिली.

दोन दिवसांनी तिला पेडगावला बहिणीकडे हळदीकुंकवाला जायचं होतं. जाऊ की नको करत होती. शेवटी निघाली आणि दारातून परत आली.

"मी येईस्तोवर सहावा तसाच ठेवा. काच लावू नका."

"न्हाई लावत."

"बाकीच्यांचं काय करायचं ते करा. ह्याला काच लावू नका तुमी."

"न्हाई म्हनलं ना."

७

त्याच दुपारी विवेकचा टेम्पो दारात उभा राहिला. ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच. हॉटेलच्या मालकाला चांगला मुहूर्त निघाला होता, उद्याच उद्घाटन होतं. पाच फ्रेमा तयार होत्या. विवेकने त्या गोधडीत गुंडाळून आत ठेवल्या.

"सहावा वाळला न्हाई अजून," काशीनाथ म्हणाला.

विवेकने टीपकागद उचलून बोट लावलं. "वाळलाय की."

"आतून ओल हाय. अजून दोन दिवस तरी लागतेत."

"मामा, बोळात सहा खिळे मारून झालेत. सहावा खिळा मोकळा ठेवू का? लोक काय म्हणतील?"

"तो मला दे. मी ठेवून घेतो."

विवेकला हसू आलं. "तुमाला कशाला? तुमाला लॅटिन येती का?"

टेम्पोचं इंजिन चालूच होतं. ड्रायव्हर बजरंगच्या टपरीवरून इकडे बघत होता. काशीनाथला सांगता आलं असतं. तुझी मामी काच लावू नको म्हणाली. का म्हणाली, ते सांगावं लागलं असतं, आणि भाच्याच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उमटलं असतं ते बघावं लागलं असतं. शाई आहे, त्याने स्वतःला बजावलं. तांब्यावर कोरलेल्या रेघा, त्यात भरलेली शाई. आठ-दहा रेघा.

त्याने पट्टी ठोकली. काच पुसली. कागद आत बसवताना तो थंड लागला, एखाद्याच्या कपाळाला हात लावावा तसा. मागून पुठ्ठा, चुका, वरून टेप. हात इतक्या वर्षांच्या सवयीने चालत राहिले.

शेवटी त्याने पेराने काचेवर दोनदा टकटक केलं.

वरच्या कोपऱ्यात आवाज नेहमीसारखा आला. खाली डावीकडेही. कोऱ्या जागेच्या मधोमध मात्र बोदा आला. काच सैल होती म्हणून नाही. सैल काच खुळखुळते. खिडकीला कुणी आतून हात टेकून उभं असलं आणि आपण बाहेरून वाजवलं, तर येईल तसा.

"झालं?" विवेकने विचारलं, आणि फ्रेम त्याच्या हातातून घेतली.

दिवस मावळताना कावेरी आली. ओटीत वाणाचा तीळगूळ होता. दुकानातला रिकामा ट्रे तिने बघितला, बाजूला काढलेली वीट बघितली.

"काच लावली?"

"लावली."

"मागून चुका बी मारल्या?"

"मारल्या."

ती रडली नाही. तिने तीळगूळ टेबलावर ठेवला आणि घराकडे चालू लागली. त्यानंतर काशीनाथ घरी आला की ती दारात येईनाशी झाली. वाळत घातलेले अभ्रे तिने घडी करून परत कपाटात ठेवले.

८

पुढच्या आठवड्यात विवेकचा फोन आला. "मामा, शेवटच्या काचेला वाफ धरायलीय. मालक कटकट करायलाय. येऊन जाता का?"

काशीनाथ सकाळच्या गाडीने परभणीला गेला. हॉटेलच्या वरच्या मजल्यावर बोळात गालिचा होता, पावलांचा आवाज होत नव्हता. खोल्यांची दारं दोन्ही बाजूंना, सगळी एकसारखी, सगळी बंद. एसीची बारीक घरघर. एका भिंतीवर सहा नकाशे.

तो पहिल्यापासून बघत गेला. भिंग खिशात होतं. नदीजवळची वाट रिकामी होती. दुसऱ्यात डोंगराच्या पलीकडे कुणी नव्हतं. तिसऱ्यात, चौथ्यात, पाचव्यात नुसते ठिपके. टोचल्यासारखे, अखंड.

"हे बघा," विवेक सहाव्यापाशी उभा होता. "इथं मधी. मी पुसून बघितलं, आतून हाय. तुमी म्हणत होता ओल हाय म्हणून. तुमचंच खरं निघालं." तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत जिन्याकडे गेला.

काशीनाथला ओल्या कागदाची वाफ माहीत होती. ती खालच्या कडेपासून चढते, काचभर पसरते आणि चढली की राहते. ही तशी नव्हती. कोऱ्या जागेच्या मधोमध, टिकलीएवढी, गोल. तो बघत असतानाच ती विरली. काच स्वच्छ झाली. मग पुन्हा धरली. पुन्हा विरली.

एसीमुळे असेल, त्याला वाटलं. गार हवा चालू होते, बंद होते. त्याने एसीकडे कान दिला. घरघर एकसारखी होती.

वाफ धरली. विरली. काशीनाथच्या लक्षात आलं की त्याचा स्वतःचा श्वास तिच्याबरोबर चाललाय. त्याने तो रोखून धरला. ती त्याच्यासाठी थांबली नाही. पण आधीपेक्षा उशिरा आली, आणि आधीपेक्षा लहान.

त्याने भिंग लावलं. वाफ विरण्याच्या मधल्या त्या क्षणात त्याला वाफेच्या दोन्ही बाजूंना काहीतरी फिकट दिसलं. काचेला बोटं दाबून धरली की बोटांची टोकं चपटी होतात, पांढरी होतात, तसं. दोन्हीकडे पाच-पाच.

मग त्याने विचार केला नाही. फ्रेम खिळ्यावरून काढली, गालिच्यावर पालथी घातली, टेप फाडली, पक्कड नव्हती म्हणून नखांनी आणि चावीच्या टोकाने चुका उपसल्या. बोट फाटलं. पुठ्ठा काढला. "थांब," तो म्हणत होता, "थांब, थांब," लहान पोराला रस्ता ओलांडू न देताना म्हणतात तसं. कागदाची वरची दोन टोकं धरून त्याने तो काचेवरून उचलला.

जे काम तो आयुष्यभर करत आला होता त्यातली पहिली गोष्ट त्या घाईत तो विसरला. ओला कागद काचेला टेकला की चिकटतो. चिकटलेला कागद ओढायचा नसतो. पाणी सोडून, वाट बघून, सोडवायचा असतो.

कागद सगळीकडून सहज उचलला गेला. मधोमध अडला. मग खपली निघावी तसा बारीक आवाज झाला आणि तो मोकळा झाला.

नकाशाच्या कोऱ्या जागेत मुगाच्या डाळीएवढं भोक होतं. तेवढाच तुकडा काचेवर राहिला होता. काशीनाथने बोट लावलं, तर तो लगद्यासारखा बोटावर आला. त्यात रेघा नव्हत्या. ओलसर होता, आणि कोमट.

तो काच उजेडाकडे धरून बसून राहिला. वाफ पुन्हा धरली नाही.

विवेक आला तेव्हा मामा गालिच्यावर बसलेला होता, हातात काच, समोर फाटलेला नकाशा. "अरेरे," तो म्हणाला. "एवढंसंच हाय. मागून कागद लावला तर कुणाला कळणार बी न्हाई."

काशीनाथने मागून कोरा कागद लावला. खरंच, कुणाला कळलं नसतं. तिथे आधीही कोरंच होतं.

९

घरी आला तेव्हा कावेरी दारात उभी होती. बऱ्याच दिवसांनी.

 तिने त्याच्या फाटलेल्या बोटाकडे बघितलं. त्यावर वाळलेलं रक्त होतं आणि रक्ताखाली कागदाचा पांढरा चुरा. त्याला वाटलं आता ती विचारेल, आणि आपण काय सांगायचं ते त्याने गाडीत जुळवलं होतं. पण ती आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. साड्या सरकल्याचा.

परत आली तेव्हा तिच्या हातात मुकुलचा फोटो होता. तिने तो त्याच्यापुढे धरला.

"साइज घ्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याने बाजूला ठेवलेला शिसवीचा तुकडा काढला. चौकट ठोकली, मागून पुठ्ठा लावला. चुका मारल्या. सवयीने बोट पुढे गेलं आणि तसंच थांबलं. टकटक करायला काही नव्हतं. त्या फ्रेमला त्याने काच घातली नव्हती.

फोटो आता मधल्या खोलीत असतो. त्यावर धूळ बसते, कावेरी पदराने पुसते. काचेवरच्या वाफेचं काशीनाथने तिला एका रात्री सांगून टाकलं होतं. रोज सकाळी हार बदलण्याआधी ती एक बोट मुकुलच्या ओठांपाशी नेते, क्षणभर धरते, आणि मग ते दुसऱ्या हाताच्या बोटाला लावून बघते. काशीनाथ आंघोळीचं पाणी तापेपर्यंत चुलीपाशी बसलेला असतो. तो मान वर करतो. ती त्याच्याकडे न बघता नकाराची मान हलवते.

बोट कोरडंच असतं.